जुन्या गाडीचे मॅन्युअल ब्रेक पॉवर ब्रेक करायचे असतील तर नुसता बूस्टर बसवून भागतं का?

साठच्या दशकातली गाडी, पुढे डिस्क बसवून झाली, मागे ड्रम तसेच ठेवलेत, पेडल फार जड लागतं आणि इंजिनात जरा तेज कॅमशाफ्ट (ताकद वाढवणारा, पण इंजिन नुसतं चालू असताना व्हॅक्यूम कमी ठेवणारा) आहे. अशा गाडीत फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) आणि मास्टर सिलिंडर (पायाच्या जोराचा तेलात दाब करणारा) यांच्यामध्ये बूस्टर (इंजिनाच्या व्हॅक्यूमने पायाला मदत करणारा डबा) घातला की काम झालं का, असा तुमचा प्रश्न आहे. नाही, तेवढ्याने होत नाही. बूस्टर आला की पेडलचं गुणोत्तर, मास्टर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) आणि बूस्टर-मास्टरमधली सळई या तिन्हींचं गणित बदलतं. ते न जुळवता बूस्टर बसवला तर खर्च करूनही ब्रेक पहिल्यापेक्षा वाईट होऊ शकतात.

पण त्याआधी पेडल जड का आहे ते शोधा. ड्रममध्ये पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप आणखी घट्ट बसतो, त्यामुळे पायाला कमी जोर लागतो. डिस्कला ही फुकटची मदत नाही. पॅड जेवढा दाबाल तेवढाच धरतो. म्हणजे ड्रमच्या जागी डिस्क आल्यावर पेडल काही प्रमाणात जड होणारच. त्यापेक्षा जास्त जड असेल तर तापून चकाकी धरलेले पॅड, गंजून अडकलेला कॅलिपरचा पिस्टन किंवा आतून सुजलेली रबरी होज हे आधी तपासा. आणखी एक नेहमीचं कारण म्हणजे पॉवर ब्रेकच्या गाडीतला १⅛ इंच बोअरचा मास्टर सिलिंडर बूस्टरशिवाय बसवलेला असणं. तो काढून १५/१६ इंचाचा लावला तर तेवढ्याच ब्रेकसाठी पायाचा जोर जवळपास ३० टक्क्यांनी कमी लागतो. पेडल मात्र जास्त खाली जातं. हलक्या गाडीत कित्येकदा एवढ्यावरच काम भागतं आणि बूस्टरची गरजच उरत नाही.

एक गैरसमजही इथेच दूर करू. बूस्टरमुळे गाडी कमी अंतरात थांबते असं नाही. आजच्या स्थितीत जोरात दाबल्यावर चाकं लॉक होत असतील, तर थांबण्याचं अंतर टायर ठरवतात. बूस्टर फक्त पायाचे कष्ट कमी करतो.

आता पेडल. पेडलच्या वरच्या पिनच्या मध्यापासून पाय ठेवायच्या पॅडच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. मग त्याच पिनपासून सळई जोडायच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. ३०० मिलिमीटरला ५० मिलिमीटर म्हणजे ६:१. मॅन्युअल ब्रेकला साधारण ६:१ ते ७:१ लागतं, व्हॅक्यूम बूस्टरला ४:१ ते ५:१. त्याच पेडलवर भोक २५ मिलिमीटर खाली आलं की ३०० भागिले ७५, म्हणजे ४:१. जनरल मोटर्सच्या त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांच्या पेडलला म्हणूनच दोन भोकं असतात: वरचं मॅन्युअलसाठी, खालचं पॉवरसाठी. तुमच्या पेडलला दुसरं भोक नसेल तर त्याच मॉडेलचं पॉवर ब्रेकचं पेडल मिळवा. पेडलच्या पट्टीवर वेल्डिंग करून कान जोडायचा सल्ला मी कुणालाच देणार नाही. त्या एका सांध्यावर अख्खी गाडी थांबायची असते.

सळई जुन्याच वरच्या भोकात ठेवली तर काय होतं? पाय नुसता टेकला तरी ब्रेक कचकन लागतात, पेडलची चाल लांब होते आणि सळई तिरकी चालून बूस्टरच्या व्हॉल्व्हला एका बाजूने घासते. खालच्या भोकात घेतली तर सळईची रेघ खाली येते, म्हणून बूस्टरचा ब्रॅकेट तिरका किंवा थोडा खाली लागतो. किटमधले ब्रॅकेट वाकडे दिसतात ते यासाठी. ब्रॅकेट बसवल्यावर पेडल हाताने पूर्ण चालवून बघा. संपूर्ण चालीत सळई जवळजवळ सरळ राहिली पाहिजे आणि कुठेही घासायला नको.

मग बोअर. इथे थोडं गणित करावंच लागेल, कारण किट विकणारे ते करून देत नाहीत. समजा पायाचा जोर ३० किलो आहे. मॅन्युअल मांडणीत ६:१ गुणोत्तर आणि १ इंच बोअर, म्हणजे क्षेत्रफळ ५.०७ चौरस सेंटिमीटर. १८० भागिले ५.०७, म्हणजे पाइपमधला दाब सुमारे ३५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. आता ८ इंचाचा एका डायफ्रामचा बूस्टर घ्या. १८ इंच पारा इतका व्हॅक्यूम म्हणजे सुमारे ०.६२ किलो प्रति चौरस सेंटिमीटरचा फरक. डायफ्रामचं क्षेत्रफळ सुमारे ३२४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे कागदावर जास्तीत जास्त २०० किलोची मदत. प्रत्यक्षात थोडी कमीच. पेडल ४:१ असल्याने पायाकडून १२० किलो, एकूण ३२०. बोअर १⅛ इंच म्हणजे ६.४१ चौरस सेंटिमीटर. दाब आला ५०. तोच बोअर १ इंच ठेवला तर ६३.

डिस्कला जोरात थांबायला साधारण ६० ते ८५ चा दाब लागतो. म्हणजे छोटा बूस्टर आणि १⅛ इंचाचा मास्टर ही किटमधली आवडती जोडी जड गाडीला अपुरी पडते, आणि मालक म्हणतो, ‘पॉवर ब्रेक केले तरी पेडल जडच.’ छोट्या बूस्टरबरोबर १ इंचाचा मास्टर हे माझ्या मते जास्त शहाणपणाचं. १⅛ इंच तेव्हा घ्या जेव्हा बूस्टर मोठा आहे, ११ इंच किंवा दोन डायफ्रामचा, आणि कॅलिपरचे पिस्टन मोठे असल्याने तेल जास्त लागतं. ११ इंचाच्या एका डायफ्रामची कागदावरची मदत सुमारे ३८० किलो असते. चारही चाकांना ड्रम असलेल्या गाडीत मात्र उलट: तिथे छोटाच बूस्टर बरा, नाहीतर ड्रम चावल्यासारखे धरतात.

याच गणितात आणखी एक आकडा काढून ठेवा: व्हॅक्यूम गेला तर काय? ४:१ पेडल आणि १⅛ इंच बोअर असेल तर ३० किलोच्या पायावर दाब फक्त १९ च्या आसपास येतो. तुमच्या जुन्या मॅन्युअल ब्रेकच्या निम्माच. इंजिन बंद पडलेल्या गाडीत बूस्टरमधला साठा एक-दोन वेळा साथ देतो, पुढे हाच आकडा. बोअर उगाच मोठा न घेण्याचं हे दुसरं कारण.

जागेचं म्हणाल तर पुठ्ठ्याची चकती कापून, मास्टर सिलिंडरच्या लांबीचा डबा तिला चिकटवून फायरवॉलवर धरून बघा. व्हॉल्व्ह कव्हर, वायपर मोटर, बॉनेटचं बिजागर, सस्पेन्शनचा टॉवर आणि क्लचची सळई यांपैकी काहीतरी आडवं येतंच. इंजिन माउंटवर हलतं, म्हणून व्हॉल्व्ह कव्हरपासून निदान बोटभर मोकळी जागा सोडा. ११ इंच मावत नसेल तर ७ किंवा ८ इंचाचा दोन डायफ्रामचा घ्या. फायरवॉलचा पत्रा पातळ असेल तर आतून जाड प्लेट लावा; कुणाला तरी पेडल दाबायला लावून पत्रा पुढे फुगतोय का ते डोळ्यांनी बघा. जेवढा पत्रा हलतो तेवढी पेडलची चाल वाया जाते.

बूस्टर घेण्याआधी व्हॅक्यूम मोजा, घेतल्यावर नाही. इंजिन पूर्ण गरम, ऑटोमॅटिक असेल तर गिअर टाकलेला, ब्रेक धरलेला, आणि गेज थेट इनटेक मॅनिफोल्डला. कार्ब्युरेटरवरच्या ज्या पोर्टला आयडलला व्हॅक्यूम नसतो, तो चालत नाही. १८ इंच पारा किंवा त्याहून जास्त आलं तर निश्चिंत. १६ वर काम चालतं. तेज कॅमशाफ्टच्या इंजिनात आयडलला १० देखील सापडतं, आणि १० वर त्याच ८ इंची बूस्टरची मदत २०० वरून ११० किलोच्या आसपास येते. उंचीवर गेलात तर दर हजार फुटांमागे साधारण एक इंच आणखी कमी. आकडा कमी आला म्हणून लगेच कॅमला दोष देऊ नका. इग्निशन टायमिंग मागे असणं किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा शिरणं हेही कारण असतं, आणि ते स्वस्तात दुरुस्त होतं.

तरीही आकडा वर येत नसेल तर विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप लावा, दाबाच्या स्विचसह, रिले आणि वेगळ्या फ्यूजवर. नुसती व्हॅक्यूमची टाकी लावून प्रश्न सुटत नाही. टाकी साठा वाढवते, पातळी नाही. १० इंचाच्या इंजिनाला जोडलेल्या टाकीतही १० इंचच भरतं. पॉवर स्टिअरिंग असेल तर त्याच्या पंपावर चालणारा हायड्रॉलिक बूस्टर हा फार चांगला उपाय आहे. तो जागाही कमी घेतो. डिझेल इंजिनाला मॅनिफोल्डमध्ये उपयोगाचा व्हॅक्यूम नसतो, तिथे पंप लागतोच.

नळी ब्रेक बूस्टरसाठी असलेली जाड भिंतीचीच घ्या. पेट्रोलची होज गरम झाली की आत चपटी होते आणि मध्येच पेडल जड पडतं. मॅनिफोल्डवर जोड सगळ्या सिलिंडरांना सामाईक असलेल्या भागात घ्या, एकाच सिलिंडरच्या रनरमध्ये नको. बूस्टरच्या तोंडावरचा एकमार्गी व्हॉल्व्ह तोंडाने फुंकून तपासा: बूस्टरच्या बाजूने फुंकलं तर हवा गेली पाहिजे, इंजिनच्या बाजूने अजिबात नाही.

फायरवॉलवर जागाच नसेल तर रिमोट सर्वो हा पर्याय विसरू नका. जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये लॉकहीड आणि गर्लिंगचे असे सर्वो असायचे. तो पेडलला जोडलेला नसतो, ब्रेकच्या पाइपमध्ये मधे बसतो. पेडल, मास्टर, बोअर सगळं आहे तसंच राहतं, आणि व्हॅक्यूम गेला तर तुम्ही थेट तुमच्या जुन्या मॅन्युअल ब्रेकवर परत येता. मर्यादा अशी की एक सर्वो एकाच सर्किटला चालतो. दोन सर्किटांच्या गाडीत तो फक्त पुढच्या डिस्कला लावावा लागतो किंवा दोन सर्वो घ्यावे लागतात. त्यात हवा अडकू नये म्हणून तो ज्या कोनात बसवायला सांगितलाय त्याच कोनात बसवा.

गाडीत अजून एका कप्प्याचा मास्टर सिलिंडर असेल तर या निमित्ताने दोन कप्प्यांचा घ्या. अमेरिकी गाड्यांत तो १९६७ च्या मॉडेलपासून सर्रास आला. त्याआधीच्या गाडीत एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. निवडताना दोन गोष्टी बघा. ड्रमसाठीच्या मास्टरच्या तोंडाशी सुमारे १० पीएसआय दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह असतो; तो डिस्कच्या लाइनवर राहिला तर पॅड कायम घासत राहतात. दुसरं, मॅन्युअलच्या मास्टरमध्ये पिस्टनला मागून खोल भोक असतं, पॉवरच्या मास्टरमध्ये उथळ. खोल भोकात बूस्टरची आखूड सळई घातली तर पेडलची बरीच चाल रिकामी जाते. उलट केलं, म्हणजे उथळ पिस्टनचा मास्टर बूस्टरशिवाय लावला, तर सळई निसटून खाली पडू शकते.

पुढे डिस्क, मागे ड्रम असल्याने मागच्या लाइनला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब आवरणारा) हवाच, नाहीतर जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरते. पाइप स्टीलचे किंवा तांबे-निकेलचे. साध्या तांब्याचे नकोत. टोकं दुहेरी फ्लेअरची करा. जुन्या-नव्या भागांची सरमिसळ होते तेव्हा आटे सांभाळा: ३/८ इंच, २४ आट्यांचा नट १० मिलिमीटर, १ पिचच्या भोकात दोन-तीन फेरे गुमान शिरतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि दाब आला की आटे ओरबाडून बाहेर येतो.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट: बूस्टरच्या पुढच्या सळईची लांबी. सळईचं टोक आणि मास्टरचा पिस्टन यांच्यात सुमारे अर्ध्या मिलिमीटरची फट हवी. मोजायला प्लॅस्टिसिन घ्या. पिस्टनच्या खळग्यात वाटाण्याएवढी गोळी ठेवा, मास्टर गॅस्केटसह बूस्टरवर बसवून नट घट्ट करा, पेडलला हात न लावता पुन्हा काढा. चेपलेल्या गोळीची सगळ्यात पातळ जागा म्हणजे तुमची फट. गोळी अगदी फाटून धातूला धातू लागला असेल तर सळई लांब आहे. ती पुढच्या टोकाच्या स्क्रूने कमी-जास्त करा.

सळई लांब राहिली तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि टाकीकडे तेल परत जाण्याचं बारीक भोक झाकलेलं राहतं. गाडी थंड असताना काहीच कळत नाही. दहा-पंधरा मिनिटं चालवल्यावर तेल तापून फुगतं, त्याला जायला वाट नसते, पेडल वर येत कडक होत जातं आणि ब्रेक आपोआप लागतात. म्हणून हवा काढून झाल्यावर टाकीचं झाकण उघडून, डोळ्यांवर गॉगल लावून बघा: मदतनीसाने पेडल अगदी हलकंच दाबलं की त्या बारीक भोकातून तेलाची छोटी उकळी वर यायला हवी. आधी इंजिन बंद ठेवून, मग चालू ठेवून बघा, कारण काही बूस्टरची सळई व्हॅक्यूम आला की किंचित पुढे सरकते. उकळी आली म्हणजे भोक मोकळं आहे. जोरात दाबू देऊ नका, तेल छतापर्यंत उडतं आणि रंगावर पडलं तर रंग जातो. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

पेडलकडच्या सळईतही थोडी मोकळीक हवी आणि पेडल त्याच्या स्टॉपवर पूर्ण मागे आलं पाहिजे. पुष्कळदा ब्रेक लाइटचा स्विचच पेडलला पुढे ढकलून धरतो. त्यामुळे बूस्टरचा व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो, हिस्स आवाज येत राहतो आणि ब्रेक हलके लागलेले राहतात.

मास्टर गाडीला लावण्याआधी व्हाइसमध्ये आडवा धरून, तोंडांना नळ्या जोडून त्या परत टाकीत सोडा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन सावकाश दाबा. मग गाडीवर, इंजिन बंद ठेवून, मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून हवा काढा. तेल डॉट ३ किंवा डॉट ४; सिलिकॉनचं डॉट ५ यांच्यात मिसळू नका. लिटरभर संपून गेलं तरी पेडल मऊच असेल तर कॅलिपर बघा. डावा-उजवा अदलाबदल झाला की हवा काढायचा निपल खाली येतो आणि वरची हवा जन्मात निघत नाही. पेडल मऊ नाही पण खाली जातंय, दोनदा दाबल्यावर वर येतंय, असं असेल तर मागचे शू ढिले आहेत. आधी ते अ‍ॅडजस्ट करा. बरेच जण इथे चांगला मास्टर उगाच बदलतात.

बूस्टरची तपासणी सोपी आहे. इंजिन बंद असताना पाच-सहा वेळा पेडल दाबून साठा संपवा, पाय दाबून ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. मग पाय दाबलेलाच ठेवून इंजिन बंद करा. ३० सेकंद पेडलची उंची बदलायला नको. वर येत असेल तर व्हॅक्यूम गळतोय, हळूहळू खाली जात असेल तर मास्टरच्या आतले सील गळतायत.

पहिली फेरी मोकळ्या जागेत, कमी वेगात. पंधरा-वीस मिनिटांनी उतरून चाकांना हात न लावता जवळ हात धरून उष्णता बघा. ब्रेक धरून राहिले असतील तर त्याच अवस्थेत मास्टरचे दोन्ही नट दोन-तीन मिलिमीटर ढिले करून मास्टर पुढे ओढा. चाकं सुटली तर सळई लांब आहे. नाही सुटली तर मास्टरजवळचा पाइप जरा ढिला करा. आता सुटली तर मास्टरमधलं भोक किंवा तो दाब धरणारा व्हॉल्व्ह. तरीही नाही, पण कॅलिपरचा निपल उघडल्यावर सुटली तर मधे पाइप किंवा होज बंद झाली आहे, बहुधा होजच. निपल उघडूनही चाक अडलेलंच असेल तर कॅलिपर जाम आहे. या क्रमाने गेलात तर एकही भाग विनाकारण बदलावा लागत नाही. जागेवर ढिलं केलेलं सगळं पुन्हा आवळून, हवा काढूनच गाडी हलवा.

शंभरेक किलोमीटर झाल्यावर मास्टर आणि बूस्टर यांच्या सांध्याखालून कागदाचा तुकडा फिरवा. तेलाचा ओलावा लागला तर मास्टरचं मागचं सील गळतंय, आणि ते तेल बूस्टरमध्ये ओढलं जाऊन डायफ्राम खराब करतं. टाकीतलं तेल कमी होतंय पण बाहेर कुठे गळती दिसत नाही, आणि एक्झॉस्टला पांढरा धूर आहे, तरी शंका तिथेच घ्या.